रोज ऑफिसला जायचं, तरी मजाही हवी: पुण्यात बाईक निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसबाहेरच्या चहाच्या टपरीवर आणि एकदा तर चक्क मुंजीच्या पंगतीत विचारले गेलेत. माझं घर वारज्यात, ऑफिस बाणेरला. त्याआधी सात वर्षं कॅम्पात जात होतो. म्हणजे पेठांतली कोंडी आणि बायपासवरचे ट्रक, दोन्ही अंगावर घेऊन झालंय. मी मेकॅनिक नाही आणि गाड्या विकतही नाही. उत्तरं त्या बेताने घ्या.

मजेची गाडी म्हणजे जोरात पळणारी गाडी, बरोबर ना?

पळवणार कुठे? सकाळी साडेनऊला कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत येऊन बघा. पहिला, दुसरा, परत पहिला. तिसरा टाकेपर्यंत पुढची पीएमपीची बस थांबा सोडून रस्त्याच्या मधोमध उभी राहते, तिच्या डावीकडून रिक्षा निघते आणि उजवीकडून एक काकू डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळतात. इथे गाडी ताशी १४० जाते की १६०, याने कुणाला काय फरक पडतो?

फरक पडतो तो दहा ते पन्नासच्या मधे. दुसऱ्या गियरमध्ये गाडी वीसवर रांगतेय, समोर जागा झाली, मूठ पिळली आणि गाडीने गचका न देता तुम्हाला त्या जागेत नेऊन सोडलं. खड्डा दिसला, कंबर जराशी कलली आणि गाडी वळलीसुद्धा. शहरातली मजा ती हीच. ती दिवसातून शंभरदा मिळते, १४० ची मजा वर्षातून एकदा मिळते आणि तीही चलानासकट.

म्हणून माहितीपत्रकात नुसता ताकदीचा आकडा बघू नका, जोर, म्हणजे टॉर्क, किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर) मिळतो ते बघा. यामाहा एमटी-१५ आणि रॉयल एनफिल्ड हंटर ३५० समोरासमोर ठेवा. ताकद दोघींची अठरा-वीस पीएसच्या घरात. पण एमटीचा १४.१ एनएम टॉर्क ७,५०० आरपीएमला येतो, हंटरचा २७ एनएम ४,००० लाच. म्हणजे हंटर रांगतानाच ओढते, एमटीला गियर पाडून इंजिन ओरडवावं लागतं. एवढ्यावरून हंटर मजेची असं मात्र ठरवू नका, कारण ती १८१ किलोची आहे आणि एमटी १४० च्या आसपास. वजनाचं पुढे येतंच.

किती सीसीची घ्यावी?

रोजचा रस्ता सांगा, मग सीसी सांगतो.

सदाशिव पेठ ते कॅम्प किंवा कर्वेनगर ते शिवाजीनगर असं असेल, तर १२५ पुरे. टीव्हीएस रेडर किंवा हीरो एक्स्ट्रीम १२५आर बघा. ‘१२५ म्हणजे दूधवाल्याची गाडी’ हे आता विसरायला हरकत नाही. साडेअकरा पीएसच्या आसपास ताकद, आणि रेडर तर सव्वाशे किलोचीही नाही. सिग्नलवरून चाळीसपर्यंत या गाड्या कुणाला ऐकत नाहीत.

वाटेत बायपास येत असेल, म्हणजे नऱ्हे, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड यांतलं काही, तर १५५-१६० च्या खाली नको. नवले पुलाच्या उताराला मागून कंटेनर आला की साठवरून ऐंशीला जाण्यापुरतं गाडीच्या पोटात काहीतरी शिल्लक असावं लागतं. १२५ तिथे आधीच पदर खोचून पळत असते. पल्सर एन१६०, अपाचे आरटीआर १६० फोर व्ही, एमटी-१५ हा सगळा वर्ग पुण्यासाठी मला सगळ्यात शहाणा वाटतो. २०० ते २५० म्हणजे वरून तुपाची धार. हवीच असं नाही, पण पानात पडली तर कोण नको म्हणतो!

३५० सीसीला मात्र एक रेघ आहे, ती माहीत असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. विम्यालाही तीच रेघ. जून २०२२ पासूनच्या दरांत थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता १५० ते ३५० सीसीला १,३६६ रुपये आणि ३५० च्या वर २,८०४ रुपये. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, त्यामुळे हा फरक शोरूममधल्या ‘ऑन रोड’च्या कागदावर लगेच टोचतो.

चारशेच्या वर्गातल्या गाडीचा मोह आवरत नाही. घेऊ का?

मला आवरला नव्हता. चार वर्षांपूर्वी त्या वर्गातली एक जुनी गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, माझ्या रस्त्याचा होता.

रविवारी पहाटे ती गाडी म्हणजे स्वर्ग. सोमवारी सकाळी नऊला तीच गाडी म्हणजे तापलेला तवा. मोठं एकच सिलिंडर असलेलं ताकदवान इंजिन कमी आरपीएमला धडधडतं, गचके देतं. बारा-पंधराच्या वेगात ते शांत ठेवायचं तर क्लच अर्धा दाबून धरावाच लागतो. वर रेडिएटरचा पंखा सुरू झाला की ती सगळी गरम हवा पायांवर. एप्रिलमध्ये विद्यापीठ चौकात मी जीन्सच्या आत भाजून निघायचो.

साडेअकरा हजार किलोमीटरला क्लचप्लेट गेल्या. गॅरेजमध्ये फिटरने इंजिनाचं झाकण उघडून एकेक प्लेट माझ्या हातात ठेवली. काळ्याठिक्कर, कडेला निळसर झाक, आणि जळक्या नखासारखा वास. “साहेब, तुम्ही गाडी चालवत नव्हता, भाजत होता,” म्हणाला. वर्षभराने विकली.

तरी घ्यायचीच असेल तर दोन अटी. ऑफिसची वेळ उलटी असावी, म्हणजे सकाळी सातला जाणं किंवा रात्रपाळी. आणि टेस्ट राइड भर गर्दीत घ्यावी. ट्रायम्फ स्पीड ४०० किंवा पल्सर एनएस४००झेड यांसारख्या गाड्या खालच्या वेगात जराशा समजूतदार वाटतात, पण प्रत्येकाची सहनशक्ती वेगळी. आणखी एक, या गाड्या चाकणला बनतात म्हणून पार्ट पुण्यात दुसऱ्या दिवशी मिळेल, अशा भ्रमात राहू नका. घ्यायच्या आधी सर्व्हिस सेंटरला एकदा लिव्हर आणि साइड मिररची किंमत विचारा, मिळायला किती दिवस लागतात तेही विचारा.

वजनाने खरंच एवढा फरक पडतो का? एकदा चालू लागली की काय कळतं!

चालू लागली की नाही कळत. पण पुण्यात गाडी जितकी चालवायची असते, तितकीच ढकलायचीही असते.

मंडईच्या आसपास शनिवारी संध्याकाळी गाडी लावून या. परत येईपर्यंत तुमच्या दोन्ही बाजूंना हँडलात हँडल अडकवून दोन गाड्या लागलेल्या असतात, मागे तिसरी आडवी, आणि जमिनीला पाठीमागच्या बाजूने चढ. आता डाव्या हाताने हँडल, उजव्या हाताने मागची पट्टी धरून ती गाडी उलटी ओढा. १४० किलोची निघते. १८० ची निघते पण पाठीत कळ ठेवून जाते. एकदा चढावर अशी ओढताना माझा पाय गटाराच्या जाळीवर घसरला आणि गाडी शेजारच्या स्कूटरवर टेकली, ती तिच्या शेजारच्या सायकलवर. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं. शेवटच्या सायकलचे मालक काका शांतपणे म्हणाले, “झेपेल ती घ्यावी माणसाने.”

म्हणून शोरूममध्ये आधी इंजिन सुरू न करता गाडी स्टँडवरून काढा, चार पावलं मागे ओढा, पुन्हा लावा. विक्रेता विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

माझी उंची पाच फूट तीन इंच. कोणत्या गाड्या जमतील?

सीटची उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते, तेवढी पाठ करा. रेडर ७८०, हंटर ७९०, एमटी-१५ ची ८१०, ड्यूक ३९० ची ८२०, एक्सपल्स २०० फोर व्ही ची ८२५. सीट रुंद असली की पाय फाकतात आणि तेच ७९० मग ८१० सारखं वाटतं. त्यामुळे आकड्यावर शेवटचा निर्णय नको, प्रत्यक्ष बसून बघा. नेहमी घालता तेच बूट-चपला घालून जा.

एक पाय पूर्ण टेकला आणि दुसऱ्याचा चवडा टेकला तरी सरावाने जमतं. पण आपले रस्ते सपाट नाहीत. सिग्नलला थांबताना पाय नेमका डांबर खरवडलेल्या खोलगट भागात पडतो आणि तिथे आणखी दोन इंच कमी पडतात. नवशिक्यांनी दोन्ही तळवे टेकतील अशीच घ्यावी.

स्पोर्ट्‌स बाईक घेऊ की साधी हँडलवाली?

साधी. पुढे झुकून बसायच्या गाडीवर शरीराचा भार मनगटांवर येतो. वेगात वारा छातीला रेटतो तेव्हा तो हलका होतो, लक्ष्मी रोडवर असला वारा नाही. शिवाय अशा हँडलाचा कट कमी, यू-टर्नला पाय टेकवत तीनदा मागेपुढे करावं लागतं. दिसायला देखणी असते हे मान्य. कॉलेजात असतो तर मीही तीच घेतली असती.

डावा हात भरून येतो. काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि चुकूनही कुणी तो गाडी घ्यायच्या आधी विचारत नाही.

वारजे ते बाणेर माझा क्लच दिवसाला किती वेळा दाबला जातो ते एकदा मोजायला घेतलं होतं. चांदणी चौकापर्यंत नव्वद झाले, मग कंटाळून सोडून दिलं. लिव्हर जड असेल तर महिन्याभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागतं. म्हणून टेस्ट राइडला लिव्हर दोनच बोटांनी दाबून बघा. असिस्ट-स्लिपर क्लच असलेल्या गाड्यांचा लिव्हर हलका असतो, एमटी-१५ त्यातलीच. अपाचेत एक सोय आहे: खालच्या गियरमध्ये क्लच पूर्ण सोडला तरी गाडी मूठ न पिळता मुंगीच्या चालीने पुढे सरकत राहते. भर कोंडीत तिचं मोल कळतं.

सध्याच्या गाडीचाच हात भरत असेल तर आधी क्लचवायर बघा. आत धूळ आणि पावसाचं पाणी जाऊन ती खडबडीत होते. वायर बदलून, ऑइल सोडून, लिव्हरला थोडी ढिलाई ठेवली की निम्मं दुखणं जातं. उरलेलं निम्मं सवयीचं. सिग्नलला गाडी न्यूट्रल करा. गियरमध्ये ठेवून, क्लच दाबून, उलटी गिनती बघत बसायचं आणि शून्याच्या तीन सेकंद आधी निघायचं, ही पुण्याची खोड क्लचप्लेटच्या मुळावर येते.

ॲव्हरेज किती मिळतं?

आपल्याकडे हा प्रश्न पहिला यायचा, मुद्दाम खाली ठेवलाय.

हिशेब करू. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ८८० किलोमीटर. लिटरला ४५ देणाऱ्या १६० च्या गाडीला साधारण १९.५ लिटर लागतील. २८ देणाऱ्या मोठ्या गाडीला ३१.५ लिटर. फरक १२ लिटरचा, पेट्रोल १०५ रुपयांनी धरलं तर महिन्याला साडेबाराशे रुपये. १२५ ची गाडी ५५ देत असेल तर तिचे १६० पेक्षा आणखी साडेतीन लिटर वाचतात, म्हणजे पावणेचारशे रुपये. या साडेतीन लिटरांसाठी बायपासवर जीव मुठीत धरू नये असं माझं मत. १२ लिटरांचं ज्याचं त्याने ठरवावं.

एबीएस लागतंच का?

लागतंच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, १२५ आणि खालच्यांना सीबीएसवर भागवता आलं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा-थोडा लागतो. चाक अडकू न देण्याचं काम ते करत नाही, ते एबीएसच करतं. सिंगल चॅनेल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला असतं.

जूनचा पहिला पाऊस आठवा. चार महिन्यांची धूळ आणि सांडलेलं ऑइल मिळून रस्त्यावर साबण होतो. अशा एका संध्याकाळी कर्वे रोडवर सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक झेब्राच्या पांढऱ्या पट्ट्यावर होतं. जुनी गाडी, एबीएस नाही. हँडल हलकं झालेलं जाणवलं आणि पुढच्या क्षणी मी बसलेल्या अवस्थेतच रस्त्यावर. कोपर सोलवटलं, डबा फुटला, मटकीची उसळ झेब्रावर. आता बजेट ताणावं लागलं तर मी रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ सोडतो, दुहेरी एबीएस सोडत नाही.

पावसाळ्यात आणखी काय बघायचं?

टायर. रुंद टायर दिसायला रुबाबदार, पण रबर चांगलं आणि नक्षी खोल असणं महत्त्वाचं. हवा आठवड्याला तपासा. चेन दर ५०० किलोमीटरला पुसून तिला ल्यूब मारा, पावसाळ्यात त्याआधीच. हल्लीच्या गाड्यांचं मागचं मडगार्ड इतकं आखूड असतं की भिडे पुलावरून गेलं की पाठीवर शेणामातीची रांगोळी उठते. पन्नास-शंभर रुपयांचं रबरी फ्लॅप लावून घ्या, लोक हसले तरी.

आणि हो, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. तेव्हा ‘माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर आहे’ हा युक्तिवाद नदीला ऐकू येत नाही.

खड्ड्यांसाठी एक्सपल्ससारखी उंच गाडी घ्यावी का?

उंची जमत असेल तर जरूर बघा. लांब शॉकअप, मोठं पुढचं चाक, गतिरोधक आला तरी उभं राहून सरळ वरून. मजा कमी आणि चैन जास्त, असं मला वाटलं. हँडल रुंद असल्याने दोन गाड्यांच्या फटीत मिरर अडकतात, त्यात तिचे मिरर नेमके एसयूव्हीच्या मिररच्या उंचीला येतात.

टेस्ट राइड कशी घ्यावी?

पहिली गोष्ट, जंगली महाराज रस्त्यावर घेऊ नका. सत्तरच्या दशकात बांधलेला तो रस्ता इतका गुळगुळीत की त्यावर बैलगाडीसुद्धा सुखद वाटेल. शोरूमवाला तिथेच नेऊ बघतो. त्याला म्हणा, मागच्या गल्लीत नेतो. पेव्हर ब्लॉक, उघडी-बंद चेंबरची झाकणं, दोन खाजगी गतिरोधक आणि एक झोपलेलं कुत्रं, एवढं मिळालं की टेस्ट राइड खरी.

शनिवारी सकाळी नको, कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला घ्या. दुसऱ्या गियरमध्ये वीसवर आणून मूठ पिळा, गचका देते का बघा. तिसऱ्यात तीसवर तेच करा. पाच मिनिटं कोंडीत उभी ठेवा, मांडीला गरम हवा लागते का बघा. एक यू-टर्न पाय न टेकता. ब्रेक एकदा जोरात, मागे कुणी नाही बघून. पाठीला ऑफिसची बॅग अडकवूनच जा. नुसती ‘आत-बाहेर’ एक फेरी देऊन हात पुढे करणाऱ्या शोरूममधून सरळ बाहेर या, त्याच कंपनीचं दुसरं शोरूम असतं.

डबलसीटवर आई किंवा बायको बसणार आहे.

मग तिला शोरूमला घेऊन जा. हे वाक्य मी दहा जणांना सांगितलं, दोघांनी ऐकलं. हल्लीच्या मजेच्या गाड्यांची मागची सीट म्हणजे उंचावर ठेवलेली पोळपाटाएवढी गादी. माझ्या आईला एका गाडीवर बसवलं तर म्हणाली, “अरे, हे आसन आहे की शिक्षा?” सलग लांब सीट, धरायला दांडी आणि साडी गार्ड असलेली गाडी बघा. साडी गार्ड शोभेला वाईट दिसतो म्हणून काढणारे लोक पाहिलेत. पदर चाकात गेलेला ज्याने एकदा पाहिला तो काढत नाही.

लॅपटॉप, डबा, आणि येताना भाजी?

लॅपटॉप पाठीवर, डबा बॅगेत, भाजी जाळीने मागच्या सीटवर. पालेभाजीचा लगदा होतो. कोथिंबीर खिशात.

मग स्कूटरच का घेऊ नये?

घ्या की! पेठेत राहत असाल, अंतर आठ किलोमीटरच्या आत असेल, रोज पोरगं शाळेत सोडायचं असेल, तर स्कूटरइतकं सोयीचं काही नाही. पायाशी गॅस सिलिंडरसुद्धा मावतो. मी सांगतो आहे ते अशांसाठी, ज्यांना गियर पाडायला मनापासून आवडतं. इलेक्ट्रिकचंही तसंच. पिकअप झकास, पायाला गरम हवा नाही, क्लचचं दुखणं नाही. पण आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा ठराव तीन सभांपासून पुढच्या सभेत जातोय. तुमच्याकडे प्लग असेल तर तुम्ही भाग्यवान.

जुनी गाडी घेतली तर?

हौसेच्या गाड्यांत जुनी घेणं मला पटतं, कारण बरेच जण माझ्यासारखेच वर्ष-दोन वर्षांत हात टेकतात आणि गाडी कमी चाललेली मिळते.

बघायला सकाळी जा, आणि आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. इंजिनाला हात लावून थंड आहे का बघा, मग सेल्फ मारा. पुढचे शॉकअप दाबा, दांड्यांवर तेलाची ओल उमटली तर सील गेलेत. मधल्या स्टँडवर चढवून, तो नसेल तर कुणाला तरी पुढचं चाक उचलायला लावून, हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध खटकन अडलं तर कोन सेट, म्हणजे हँडलाच्या दांड्यातले बेअरिंग, गेलाय आणि मालकाने खड्डे मोजून खाल्लेत. चेन मागच्या चाकावरून ओढून बघा, दातांवरून सुटत असेल तर चेन-स्प्रॉकेटचा खर्च किमतीतून वजा करा.

कागदांत आरसी, विमा, पीयूसी, न भरलेली ई-चलानं आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, बोजा उतरवायला ३५. एमएच-१२ आणि एमएच-१४ मधला फरक पुणेकर आणि पिंपरीकर चवीने चघळतात, गाडीला त्याचं काही नसतं. ‘मित्राच्या नावावर आहे, करून देतो’ म्हणाला की चहा पिऊन घरी या.

सायलेन्सर बदलू का? आवाज भारी येतो.

नको. पोलीस काढून घेतात आणि रोलरखाली चिरडतात. त्याआधी सोसायटीतले आजोबा बघून घेतात.

हेल्मेट पुण्यात कोण घालतं?

मी घालतो. २०१९ च्या जानेवारीत सक्ती झाली तेव्हा विरोधात मोर्चे निघाले, हे आपलं गाव. केस जातात, मान दुखते, ऐकू येत नाही, सगळं ऐकून झालंय. आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं, गालाला घट्ट बसणारं घ्या. नाना पेठेत भाव करायला मजा येते, पण रस्त्याकडेला ढीग लावलेल्यांतलं नको. मागे बसणाऱ्यालाही हवं, कायद्याने आणि कवटीनेही.

रविवारी सिंहगडाला नेता येईल ना?

इथे सुचवलेली प्रत्येक गाडी जाईल. घाटात १६० ची गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात जी नाचते ती मोठ्या गाड्यांना वळण संपेपर्यंत जमत नाही. पहाटे साडेपाचला निघा, आठनंतर पायथ्यालाच कारची रांग लागते. ताम्हिणी, बोपदेव, कात्रजचा जुना घाट, सगळं हाताशी आहे. मुंबईला मात्र जुन्या हायवेने, द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे.

घेतली एकदाची. आता लावायची कुठे?

शहरात पी-१, पी-२ च्या पाट्या वाचा, तारीख सम की विषम त्यावर बाजू ठरते. मी एकदा रात्री साडेअकराला गाडी योग्य बाजूला लावून मित्राकडे गप्पा मारत बसलो. बारा वाजले, तारीख बदलली, आणि गप्पांच्या नादात मुक्काम पडला. सकाळी खाली आलो तर गाडीच्या जागी खडूने लिहिलेला तिचा नंबर होता.